भांडे न पाहता ओतण्याची किंमत

मार्च २०२४ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याची ६.८ क्रमांकाची आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातून 'स्ट्रएलकॉपी' नावाची एक लहानशी आज्ञा कायमची काढून टाकण्यात आली होती. या घटनेची दखल तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर कोणी घेतली नाही आणि घेण्याचे वरकरणी कारणही नव्हते. परंतु याच आज्ञेच्या बाबतीत सातच महिन्यांपूर्वी नेमके उलट घडले होते. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य कार्यक्रमांचा आधार असलेल्या 'ग्लिबसी' या आज्ञासंग्रहाने दोन दशकांहून अधिक काळ नाकारलेली ही आज्ञा ऑगस्ट २०२३ मध्ये स्वीकारली होती. म्हणजे एका घराने जिला निरोप दिला, तिचेच शेजारच्या घरात स्वागत झाले. दोन्ही घरांतील माणसे जाणती आहेत आणि दोन्ही निर्णय सुरक्षिततेच्या नावाने झाले आहेत. ही विसंगती केवळ तांत्रिक मतभेद म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ज्या यंत्रणांवर आज बँका, रेल्वे, रुग्णालये आणि कोट्यवधी लोकांच्या खिशातील दूरध्वनी चालतात, त्यांच्या पायातील एक जुना दोष कसा दुरुस्त होतो, का रखडतो आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हा अर्थकारणाचा प्रश्न तिच्यामागे उभा आहे.

दोषाचे मूळ

मूळ दोष समजण्यास अवघड नाही. माणसाचे नाव, गावाचा पत्ता किंवा फाइलीचे शीर्षक संगणकाच्या स्मृतीत अक्षरांची माळ म्हणून ठेवले जाते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडवलेल्या 'सी' भाषेत या माळेची लांबी कोठेही लिहून ठेवण्याची पद्धत नाही. माळ संपली हे कळावे म्हणून शेवटी शून्याचा एक बाइट ठेवतात, एवढेच. एका जागेची माळ दुसऱ्या जागी उतरवणारी मूळ आज्ञा म्हणजे 'स्ट्रकॉपी'. शून्य दिसेपर्यंत एकेक अक्षर उचलायचे आणि पलीकडे ठेवत जायचे, एवढेच तिला ठाऊक. पलीकडचे भांडे शेराचे आहे की पायलीचे, हे ती पाहत नाही. पाहू शकतही नाही, कारण भांड्याचे माप तिला कोणी सांगितलेलेच नसते.

भांडे लहान आणि माळ मोठी असली, म्हणजे जादा अक्षरे शेजारच्या जागेत सांडतात. ती जागा रिकामी नसते. पुष्कळदा तेथे, हातातले काम संपल्यावर यंत्राने पुढे कोठे जायचे, याचा पत्ता लिहिलेला असतो. सांडलेल्या अक्षरांनी तो पुसला गेला, तर कार्यक्रम बंद पडतो. परंतु ती अक्षरे कोणी हेतुपूर्वक जुळवून पाठवली असतील, तर जुन्या पत्त्याच्या जागी नवा पत्ता बसतो आणि यंत्र मालकाचे न ऐकता परक्याचे हुकूम पाळू लागते.

रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. १९७१ च्या सुमारास त्यांच्या हाताशी असलेल्या यंत्राची सारी स्मृती २४ किलोबाइट होती. तीत प्रणाली आणि वापरणारे अशा दोघांची सोय लावायची होती. माळेची लांबी आरंभी एका लहानशा जागेत लिहिली, तर माळेच्या लांबीवर मर्यादा येते आणि तो आकडा सतत सांभाळत बसणेही गैरसोयीचे होते, हा त्यांचा अनुभव होता. मोजक्या यंत्रांवर परस्परांना ओळखणारी मोजकी माणसे काम करत असताना ही काटकसर शहाणपणाचीच होती. पुढे ती यंत्रे परस्परांना जोडली गेली आणि अनोळखी माणसाने पाठवलेली अक्षरे त्याच भांड्यात पडू लागली. परिस्थिती बदलली, सवय मात्र तशीच राहिली.

पहिले दोन इशारे

पहिला मोठा इशारा २ नोव्हेंबर १९८८ रोजी मिळाला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक कार्यक्रम त्या वेळच्या इंटरनेटवर पसरला आणि अंदाजे सहा हजार यंत्रे त्याच्या कचाट्यात सापडली. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक होती 'गेटएस' ही आज्ञा. ती 'स्ट्रकॉपी'चीच भावंड. बाहेरून आलेली ओळ, भांड्याचे माप न विचारता, आत घेणारी. या प्रसंगानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक आणीबाणीसाठी स्वतंत्र पथक स्थापन झाले. 'गेटएस' मात्र 'सी' भाषेच्या अधिकृत प्रमाणातून वगळली जाण्यास २०११ साल उजाडावे लागले. दोष सिद्ध होणे आणि दोषी वस्तू बाजारातून उठणे, यांत तेवीस वर्षे गेली.

दुसरा इशारा जानेवारी २००३ मधला. मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर' या कार्यक्रमात, आलेला मजकूर किती लांब आहे हे न तपासता तो ठरावीक जागेत उतरवण्याची चूक होती. अवघ्या ३७६ बाइटांच्या 'स्लॅमर' नावाच्या कार्यक्रमाने तिचा फायदा घेतला. सुमारे ७५ हजार यंत्रे बाधित झाली आणि त्यांतील बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच. बँक ऑफ अमेरिकेच्या बहुसंख्य एटीएम यंत्रांतून काही काळ पैसे निघेनात. या चुकीवरील दुरुस्ती सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच, उपलब्ध झालेली होती, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. औषध तयार असूनही रोग पसरला, कारण ते घेण्याचा खर्च आणि त्रास ज्याने सोसायचा आणि न घेतल्याने ज्याचे नुकसान व्हायचे, ती माणसे वेगवेगळी होती.

औषधाचेही दुष्परिणाम

मग 'स्ट्रकॉपी' बदलून दुसरी आज्ञा का वापरली नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. उत्तर असे की, वापरली. एक नव्हे, तीन वेळा वापरली. या बदलांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

पहिली पर्यायी आज्ञा 'स्ट्रएनकॉपी'. तिला भांड्याचे माप सांगता येते, म्हणून अनेकांनी ती सुरक्षित मानली. वस्तुतः ती या कामासाठी जन्मलेलीच नव्हती. जुन्या युनिक्समध्ये फाइलीच्या नावाला नेमकी १४ अक्षरांची चौकट असे. ती चौकट भरावी आणि उरलेल्या जागी शून्ये मांडावीत, यासाठी ती घडवलेली होती. नाव चौकटीत नेमके बसले किंवा मोठे निघाले, तर शेवटचा शून्य ती ठेवतच नाही. परिणामी भांडे सांडत नाही, पण माळ कोठे संपते हे पुढच्या वाचकाला कळत नाही आणि तो शेजारची जागा वाचत सुटतो. चोर दाराने न येता खिडकीने आला, एवढाच फरक.

दुसरी आज्ञा म्हणजे आरंभी उल्लेखिलेली 'स्ट्रएलकॉपी'. टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी ती १९९८ मध्ये 'ओपनबीएसडी' या प्रणालीत आणली. ती मापापेक्षा अधिक ओतत नाही, शेवटचा शून्य न चुकता ठेवते आणि मूळ माळ किती लांब होती तेही सांगते. लिनक्सच्या गाभ्याने तिला २००३ मध्ये प्रवेश दिला. ग्लिबसीच्या तत्कालीन धुरीणांनी मात्र कडाडून विरोध केला. आपल्याजवळ किती मजकूर आहे आणि तो कोठे मावेल, हे ज्याला ठाऊक नाही त्याने माळ हाताळूच नये. जादा मजकूर गुपचूप कापून टाकणारी आज्ञा चूक सुधारत नाही, तर ती झाकते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हा युक्तिवाद सरसकट धुडकावण्यासारखा नव्हता. नव्या आज्ञेने दिलेला लांबीचा आकडा तपासणे कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होते आणि घाईतला माणूस ते करतोच असे नाही. परंतु या युक्तिवादाने जुन्या आज्ञांचा वापर थांबला नाही, हेही तितकेच खरे. आदर्श कारागिराची वाट पाहत बसल्याने सामान्य कारागिराच्या हातातील धोकादायक हत्यार सुटत नाही. अखेर 'पॉझिक्स' या २०२४ च्या प्रमाणात तिचा समावेश ठरला, तेव्हा ग्लिबसीनेही दार उघडले.

मग लिनक्सच्या गाभ्याने तिला घालवले का? मूळ माळेची पूर्ण लांबी सांगायची, तर ती आज्ञा मूळ माळ शेवटपर्यंत वाचते. भांडे कधीच भरले असले तरी. गाभ्यात येणारा मजकूर पुष्कळदा परक्याकडून येतो. त्याच्या शेवटी शून्य असेलच याचा भरवसा नसतो. म्हणजे ओतणे सुरक्षित झाले, पण उचलणे असुरक्षितच राहिले. यासाठी २०१५ मध्ये 'स्ट्रएसकॉपी' ही तिसरी आज्ञा गाभ्यात आली. ती लागते तेवढेच वाचते आणि मजकूर मावला नाही, तर आकडा न देता सरळ चूक झाल्याचे कळवते. ती स्वीकारताना लिनक्सचे जनक लायनस टॉरवल्ड्स यांनी दिलेली तंबी मात्र मोलाची होती. नवी सोय आली की लोक जुन्या ओळी धडाधड बदलू लागतात, त्यात कोणीतरी चूक करतो आणि सुधारणेने स्थिती अधिकच बिघडते. म्हणून विचार न करता केलेले घाऊक बदल स्वीकारणार नाही, असे त्यांनी बजावले होते.

बदलणे नव्हे, वाचणे

या तंबीतच साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. जुनी आज्ञा खोडून नवी लिहिणे हे शोध-आणि-बदल या सोयीने काही क्षणांत करता येते. परंतु प्रत्येक जागी मूळ लेखकाचा हेतू काय होता, हे कोणतीही सोय सांगत नाही. 'स्ट्रएनकॉपी'च्या एकेका वापरापुढे बसलेल्या दुरुस्तीकाराला दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. येथे माळेच्या शेवटी शून्य अपेक्षित आहे काय? आणि उरलेल्या जागेत शून्ये भरणे आवश्यक आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर तबकडीवरील किंवा जाळ्यातून जाणाऱ्या ठरावीक चौकटीतील शेवटचे खरे अक्षर कापले जाते आणि पलीकडचे यंत्र ते नाव ओळखत नाही. दुसऱ्याचे चुकले, तर उरलेल्या जागेत आधीचा जो मजकूर पडून होता, तो जसाच्या तसा राहतो. पुढे ती चौकट गाभ्याबाहेर पाठवली गेली, की त्याबरोबर गाभ्यातील गुपितेही बाहेर जातात. पाटी न पुसता दुसऱ्याच्या हाती द्यावी, तसा हा प्रकार. म्हणूनच गाभ्यात आज एकाऐवजी निरनिराळ्या हेतूंसाठी निरनिराळ्या आज्ञा ठेवलेल्या आहेत. कोठे कोणती योग्य, हे ठरवण्यासाठी दहावीस वर्षांपूर्वी लिहिलेले, कित्येकदा मूळ लेखकाने सोडून दिलेले, एखाद्या जुन्या यंत्रभागाचे पान न् पान वाचावे लागते. एवढे करून हाती काय लागते? एका ओळीचा बदल. तो अचूक असला, तर जगात काहीही घडत नाही. आणि काही न घडणे हेच त्याचे यश.

अशा श्रमाला बाजारात भाव नसतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. नवी सोय विकता येते. न झालेली हानी विकता येत नाही. घाईने लिहिलेल्या ओळीचा लाभ लिहिणाऱ्या कंपनीच्या जमेस पडतो. तिच्यातून होणारे नुकसान बँकेचा ग्राहक, रुग्णालयातील रोगी आणि सरकारी कार्यालयात खेटे घालणारा नागरिक यांच्या खाती पडते. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि खालच्या गावाने ते प्यावे, यापेक्षा हे वेगळे नाही. शिवाय संगणककार्यक्रमांच्या परवान्यात कोणतीही हमी नसल्याचे कलम बहुधा असतेच, त्यामुळे हात वर करण्याची सोय आधीच झालेली. ज्या प्रणाली विनामूल्य खुल्या आहेत, त्यांची अडचण आणखी निराळी. विहीर सर्वांची असली, की पाणी भरायला सारे गाव आणि गाळ काढायला चारदोन माणसे.

नवी भाषा आणि जुने बांधकाम

यावर एक उपाय हिरिरीने सुचवला जातो. 'सी' भाषाच सोडावी आणि रस्टसारख्या, भांड्याचे माप स्वतःच सांभाळणाऱ्या भाषांत लिहावे. हा उपाय पोकळ नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे, दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या त्यांच्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशा गैरहाताळणीचे होते. अक्षरमाळांची नक्कल हा त्यांतील एक प्रकार. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीत या दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे नवे काम सुरक्षित भाषांत करण्याचा निर्णय. लिनक्सच्या गाभ्यानेही डिसेंबर २०२२ मध्ये रस्टला प्रवेश दिला.

तथापि हे नव्या कामाचे झाले. सारे जुने बांधकाम पाडून नव्याने उभारणे कोणालाच परवडणारे नाही. त्या प्रयत्नात जुन्या चुका जाऊन नव्या येणार नाहीत, याचीही खात्री नाही. शिवाय जुने यंत्र, जुना राउटर, जुना दूरध्वनी हे गरिबाच्या घरी अधिक काळ नांदतात. नव्या घरासाठी नवे साहित्य वापरावे आणि जुन्या घराची गळती चढून, पाहून, एकेक कौल तपासून बंद करावी, हाच व्यवहार्य मार्ग होय. या दोन मार्गांना परस्परविरोधी मानणे चूक आहे.

महाराष्ट्राचा संबंध

हा वाद दूर देशीच्या तज्ज्ञांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु अँड्रॉइड दूरध्वनी लिनक्सच्या गाभ्यावरच चालतात, आणि यूपीआयद्वारे होणाऱ्या व्यवहारांनी ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला एक हजार कोटींचा टप्पा ओलांडला. भाजीवाल्याचा गल्ला जिच्या आधाराने भरतो, ती जमीन भक्कम असण्यात त्याचे हित आहेच.

मराठी भाषकांचा संबंध आणखी जवळचा आहे. प्रचलित युनिकोड पद्धतीत रोमन लिपीतील एका अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'महाराष्ट्र' या शब्दात काना आणि हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. लिनक्सचा गाभा चालू कार्यक्रमाचे नाव १६ बाइटांत ठेवतो. त्यांतला एक शेवटच्या शून्याचा. उरलेल्या १५ बाइटांत 'महारा' एवढेच मावते. २० बाइटांची चौकट असेल, तर सहा चिन्हांनंतर सातव्याचा पहिला तुकडा लोंबकळत राहतो आणि पडद्यावर निरर्थक खूण उमटते. 'सुरक्षित' आज्ञा येथे यंत्र वाचवते, पण माणसाचे नाव तोडते. इंग्रजी नाव ज्या चौकटीत आरामात बसते, त्याच चौकटीत मराठी नाव अर्धे राहते. आणि तोडल्यावर दोन नावे सारखीच दिसू लागली, तर एकाचे देणे दुसऱ्याच्या खाती पडण्याची भीती असते. मावले नाही हे वेळीच कळवणारी आज्ञा आणि ते कळल्यावर काय करायचे याचा आधी केलेला विचार, हे दोन्ही असल्याखेरीज हा प्रश्न सुटत नाही.

यासाठी काय करावे? पहिली गोष्ट शिक्षणाची. अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून १९८७ साली निघालेल्या 'टर्बो सी'वर 'गेटएस' आणि 'स्ट्रकॉपी' यांचे पाठ दीर्घकाळ गिरवले गेले. भाषेच्या प्रमाणातून 'गेटएस' वगळल्यानंतरही. हे पाठ जेथे अजून चालू असतील, तेथे ते बंद करण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. अभ्यासक्रम-मंडळाची एक बैठक पुरे. विद्यार्थ्याला नवे लिहिण्याइतकेच जुने वाचण्याचेही गुण मिळाले पाहिजेत. दुसऱ्याने लिहिलेल्या हजार ओळींतून एक धोकादायक ओळ शोधून ती का बदलली, हे दोन परिच्छेदांत पटवून देणारा विद्यार्थी, आणखी एक दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्यापेक्षा उद्योगाला अधिक उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट पैशाची. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत खुल्या प्रणालींच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदा करून उत्पादकावर वस्तूच्या अपेक्षित वापरकाळातील सुरक्षादुरुस्तीची जबाबदारी टाकली. भारतात बंगळूरच्या झिरोधा या दलाली कंपनीने २०२४ मध्ये खुल्या प्रणालींसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी सार्वजनिक गरजेचा भार एखाद्या कंपनीच्या औदार्यावर सोडून चालत नाही. ज्या बँका, जे दूरसंचार उद्योग आणि जी सरकारी खाती या विनामूल्य पायावर उभी आहेत, त्यांनी आपल्या संगणकखर्चाचा ठरावीक हिस्सा देखभालीसाठी राखून ठेवणे, हा दानधर्म नव्हे. तो घसारा आहे. यंत्रसामग्रीचा घसारा ताळेबंदात दाखवणारे उद्योग आज्ञावलीचा घसारा मात्र शून्य धरतात, हीच या हिशेबातील मोठी चूक होय.

'स्ट्रएलकॉपी'च्या जाण्यायेण्याची कथा अखेर हेच सांगते. एका आज्ञेच्या जागी दुसरी बसवल्याने सुरक्षितता येत नाही. भांड्यात मावले नाही तर काय करायचे, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी कोणीतरी माणसाने, वेळ घेऊन, जबाबदारीने द्यावे लागते. पन्नास वर्षांपूर्वी २४ किलोबाइटांसाठी केलेली काटकसर त्या काळी योग्य होती. आज तिची किंमत चुकवायची, तर त्या माणसाच्या वेळेचा मोबदला द्यावा लागेल. तो आधी दिला नाही, तर पुढे एखाद्या पहाटे तो व्याजासह द्यावाच लागेल. आणि तेव्हा तो ज्यांच्याकडून वसूल होईल, त्यांनी 'स्ट्रकॉपी' हे नावही ऐकलेले नसेल.